घरच्या भूऔष्णिक हीट पंपाचं लूप: आधी हवा बाहेर, मग प्रेशर

प्रेशर टेस्टला काटा उतरला की गळती आहे असं धरून माणसं बुजवलेला चर पुन्हा उकरतात. बऱ्याचदा गळती नसतेच. लूपमध्ये, म्हणजे जमिनीत पुरलेल्या आणि मशीनचं पाणी फिरवणाऱ्या बंद पाईपमध्ये, हवा राहिलेली असते, नाहीतर एचडीपीई (प्लास्टिकचा) पाईप ताण घेऊन थोडा फुगलेला असतो. याउलट काटा अर्धा तास जागचा हलला नाही म्हणून वर चिऱ्यांचं अंगण करून टाकतात आणि एप्रिलच्या उकाड्यात मशीन ‘लो फ्लो’ दाखवून बंद पडतं. दोन्ही घोटाळ्यांचं मूळ एकच: कामाचा क्रम चुकलेला असतो. हवा पूर्ण निघाल्याशिवाय घेतलेली प्रेशर टेस्ट काहीही सिद्ध करत नाही.

हा लेख उभ्या बोअरच्या बंद लूपसाठी आहे. हिशोब सोपा व्हावा म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत घेतो: ८० मीटर खोल तीन बोअर, प्रत्येकात ३२ मिलिमीटरचा यू-लूप (खाली जाऊन वळून वर येणारा पाईप), आणि ६३ मिलिमीटरचा हेडर (सगळे बोअर मशीनला जोडणारा चरातला मुख्य पाईप) जाऊन-येऊन ३० मीटर. पाईप पीई १०० (प्लास्टिकची प्रत), एसडीआर ११ (बाहेरचा व्यास भिंतीच्या जाडीच्या ११ पट). तुमचे आकडे वेगळे असतील, रीत हीच.

हाताशी काय हवं

पाण्याचा हिशोब आधी करा. ३२ मिलिमीटरच्या या पाईपमध्ये मीटरला साधारण ०.५४ लिटर पाणी मावतं, ६३ मिलिमीटरच्या पाईपमध्ये साधारण २.०७ लिटर. आपल्या उदाहरणात यू-लूपची एकूण लांबी ४८० मीटर, म्हणजे २५९ लिटर. हेडरचे ६२. एकूण सव्वातीनशे लिटरच्या घरात. ड्रम आणि नळ्या धरून किमान ५०० लिटर स्वच्छ पाणी साइटवर तयार असू द्या. टँकर दुपारी येणार असेल तर काम दुपारनंतरच सुरू करा. अर्धवट भरलेलं लूप रिकाम्या लूपपेक्षा जास्त छळतं. का, ते पुढे येईल.

बाकी सामान: २०० लिटरचा धुतलेला ड्रम, सेंट्रीफ्युगल मोनोब्लॉक पंप, २५ मिलिमीटरपेक्षा बारीक नसलेल्या दोन जाड नळ्या, बॉल व्हॉल्व्ह, हाताने मारायचा टेस्ट पंप, ० ते १० किलोचा गेज आणि पाईपच्या मापाच्या टोप्या. गेज नवा घ्या किंवा दुसऱ्या गेजशी ताडून बघा. प्लंबर ज्याला ‘किलो’ म्हणतात तो दर चौरस सेंटिमीटरला एक किलो, म्हणजे जवळपास १ बार किंवा १४ पीएसआय. या लेखात सगळीकडे तेच माप आहे.

टोप्यांकडे कोणी लक्ष देत नाही. पाईपचं तोंड दोन दिवस उघडं राहिलं तर कुंभारमाशी त्यात मातीचं घर करते, आणि ३२ मिलिमीटरच्या पाईपमध्ये ते घर पुरता बूच होऊन बसतं. कापडाचा बोळा चालत नाही, तो पुढे सरकून आतच राहतो. टोपी घाला, वर टेप गुंडाळा.

१. पाणी तपासा

विहिरीचं पाणी आपण पितो म्हणून ते लूपला चालतंच असं नाही. कोकणात दोन त्रास नेहमीचे आहेत. खाडीकाठच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये खारट होतात, आणि क्लोराईड मशीनमधल्या स्टेनलेसच्या प्लेट हीट एक्स्चेंजरला खातं. जांभ्यातल्या पाण्यात लोह सापडतं आणि ते बरेचदा किंचित आम्लधर्मीही असतं.

लोहाची घरगुती परीक्षा सोपी आहे. पारदर्शक बाटली अर्धी भरा, झाकण सैल ठेवा, रात्रभर राहू द्या. सकाळी पाणी पिवळट-तांबूस झालं किंवा तळाला गंजासारखा गाळ बसला तर ते पाणी लूपमध्ये घालू नका.

आकडे हवे असतील तर पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५०० डोळ्यासमोर ठेवा: टीडीएस (विरघळलेले क्षार) ५००, क्लोराईड २५० मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या आत, पीएच ६.५ ते ८.५. टीडीएस मीटर स्वस्तात मिळतो. क्लोराईडसाठी नमुना प्रयोगशाळेत द्या. मशीनच्या पुस्तिकेत याहून कडक मर्यादा असेल तर ती पाळा.

सावधान: परदेशी व्हिडिओ बघून ग्लायकॉल किंवा मिथेनॉल घालू नका. तिकडे लूपमधलं पाणी गोठण्याच्या जवळ जातं म्हणून ते लागतं. आपल्याकडे खोल जमिनीचं तापमान हवेच्या वर्षभराच्या सरासरीजवळ, २७-२८ अंशांच्या आसपास असतं आणि मशीन मुख्यतः गारव्यासाठी चालतं. ग्लायकॉलने पाणी दाट होतं, उष्णता कमी वाहून नेतं, पंपावर भार येतो. मिथेनॉल तर विष आहे आणि पेटही घेतं.

२. बोअरमध्ये सोडण्याआधी पाईप भरा आणि तपासा

हा टप्पा गाळला तर पुढची सगळी दुरुस्ती अशक्य कोटीतली. खाली गेलेला, ग्राउट झालेला (भोवतीची पोकळी लगद्याने भरलेला) यू-लूप परत वर येत नाही.

गुंडाळी सावलीत उलगडा. काळा पाईप मे महिन्याच्या उन्हात हाताला चटका देतो आणि गरम एचडीपीईची ताकद उतरते. पीई १०० एसडीआर ११ पाईपवर पीएन १६ छापलेलं असतं, म्हणजे १६ बार; पण ते २० अंशांना. ३० अंशांना तेच साधारण १३.९ आणि ४० अंशांना ११.८ धरायचं. स्लॅबवरच्या काळ्या टाकीतलं दुपारचं पाणी टेस्टला घेऊ नका, ते याच कारणाने.

पाईप पूर्ण भरा, दोन्ही टोकं बंद करा, ६ किलोवर अर्धा तास ठेवा. खालच्या यू-बेंडचा फ्युजन (वितळवून केलेला) जोड कोरड्या फडक्याने पुसा आणि बोटाने चाचपा. तिथे दवासारखा ओलावा जरी लागला तरी तो यू-लूप बाद. जोड पुन्हा वितळवून ‘ॲडजस्ट’ करण्याच्या भानगडीत पडू नका, कापून नवा घाला.

आता दाब ३-४ किलोवर आणा आणि भरलेल्या स्थितीतच खाली सोडा. रिकामा पाईप बोअरमधल्या पाण्यावर तरंगतो, खाली जातच नाही. गडी मग तो ढकलतात आणि पाईप दुमडतो.

३. ग्राउट भरताना पाईप दाबाखाली ठेवा

जांभ्याखालच्या शेडीत (मऊ चिकणमातीत) कडा ढासळतात म्हणून तिथे केसिंग लागतं; त्याखाली बहुतेक ठिकाणी काळा दगड. सड्यावर (जांभ्याच्या पठारावर) तर मे महिन्यात पाण्याची पातळी इतकी खाली जाते की ग्राउट नसलेला पाईप नुसत्या हवेत लटकतो आणि उष्णतेची देवाणघेवाण जवळजवळ थांबते. म्हणून बेंटोनाइटचं (फुगणाऱ्या चिकणमातीचं) ग्राउट तळापासून वर, नळीने भरत यायचं.

वाळू मिसळलेलं ग्राउट पाण्याच्या दीडपट जड असू शकतं. ८० मीटरवर आतून पाण्याचा दाब ८ किलो आणि बाहेरून ग्राउटचा १२. हा ४ किलोचा फरक पाईप बाहेरून चेपतो. आत ३-४ किलो जादा दाब असेल तर पाईप गोल राहतो. ग्राउट धरेपर्यंत दाब सोडू नका.

तपासा: दुसऱ्या दिवशी प्रत्येक यू-लूपमधून एकेकट्याने पाणी फिरवून बघा. तिन्हींत एकाच पंपाने जवळपास सारखंच पाणी आलं पाहिजे. एकातून निम्मंच आलं तर तो दुमडलाय किंवा चेपलाय, आणि हे हेडर जोडण्याआधीच कळायला हवं.

४. हेडर जोडा, पण चर उघडा ठेवा

फ्युजन कोरड्यात करा. मृगाची सर अंगावर घेत केलेला जोड वरून चांगला दिसतो आणि आतून चिकटलेला नसतो. टोकं तासून, पुसून, मशीनच्या तक्त्यातला वेळ पाळा. थंड होताना पाईप हलवायचा नाही. घाई इथेच नडते, खास करून गणपतीला घर तयार हवं म्हणून मालक डोक्यावर उभे असतात तेव्हा.

प्रत्येक बोअरला शक्यतो स्वतंत्र व्हॉल्व्ह ठेवा. खर्च थोडा, पण पुढच्या टप्प्यात तोच तारून नेतो. चरात तळाला बारीक माती किंवा वाळू पसरा. जांभ्याचा टोकदार खडा पाईपला टेकता कामा नये.

५. पाणी भरा आणि फ्लश करा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थोडा थांबतो.

बागेच्या नळीने लूप ‘भरतं’ ही समजूत सोडा. उभ्या पाईपमध्ये हवेचा बुडबुडा वर यायला बघतो, पाणी त्याला खाली ढकलत असतं. पाण्याचा वेग कमी पडला की बुडबुडा जागच्या जागी तरंगत राहतो. त्याला खाली रेटून दुसऱ्या बाजूने बाहेर काढायला सेकंदाला किमान ०.६ मीटर वेग लागतो. ३२ मिलिमीटरच्या पाईपमध्ये हा वेग म्हणजे मिनिटाला साधारण २० लिटर, आणि ६३ च्या हेडरमध्ये ७५ लिटर. तिन्ही बोअर एकदम फ्लश करायचे तर पंपाने लूपमधून मिनिटाला ७५-८० लिटर खरोखर वाहून दाखवले पाहिजेत. बागेची नळी मिनिटाला १५-२० लिटर देते, त्याचे तीन वाटे झाले की प्रत्येकाला पाच-सहा. शिवाय पाणी सोपी वाट धरतं: एक बोअर भरून वाहू लागतो, उरलेले दोन हवेसकट तसेच बसून राहतात, आणि परतीच्या नळीतून पाणी येताना बघून आपल्याला वाटतं झालं काम.

मशीन या वेळी जोडलेलं नको, किंवा बायपास उघडून त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद हवेत. चरातली तांबडी माती हीट एक्स्चेंजरच्या बारीक फटींत गेली की निघत नाही.

क्रम असा ठेवा:

१. ड्रम भरा. पंपाची सक्शन तळाजवळ, पण तळाला टेकलेली नाही. परतीच्या नळीचं तोंड पाण्याखाली बुडलेलं, सक्शनपासून लांब. ते पाण्यावर राहिलं तर पडणारं पाणी हवा घेऊन जातं आणि तीच हवा पुन्हा लूपमध्ये फिरते.

२. पहिल्या बोअरचा व्हॉल्व्ह उघडा, बाकी बंद. पंप सुरू करा. सुरुवातीचं तांबडं पाणी ड्रममध्ये घेऊ नका, बाहेर सोडा.

३. स्वच्छ पाणी आलं की परतीचं तोंड ड्रममध्ये बुडवा, त्यावर सुती पंचा बांधा. पंच्यात अडकलेले कण बघत राहा.

४. बुडबुडे थांबले की दुसरा बोअर, मग तिसरा. शेवटी तिन्ही उघडून हेडर फ्लश करा.

५. नळ्या उलट करून प्रवाहाची दिशा बदला आणि सगळं पुन्हा. दोन्ही दिशांनी किमान अर्धा-अर्धा तास.

घातलेलं पाणी बादलीच्या हिशोबाने किंवा ड्रमवर खुणा करून मोजा. आपल्या उदाहरणात लूपने सव्वातीनशे लिटरच्या आसपास पाणी घेतलं पाहिजे. अडीचशेवरच ‘भरलं’ तर एखादा बोअर भरलेलाच नाही.

अर्धवट भरलेल्या लूपचं कारण आता सांगतो. उतरत्या पायात २० मीटर हवा आणि चढत्या पायात पूर्ण पाणी अशी स्थिती झाली, तर ते पाणी हलवायला पंपाला २० मीटरचा हेड (तेवढ्या उंचीवर पाणी चढवायचा दाब) जादा द्यावा लागतो. छोटा पंप तिथे नुसता घुमत बसतो. अशा वेळी पंप मोठा करण्याआधी दिशा उलटवून बघा. पुष्कळदा त्यानेच सुटतं.

सावधान: मधेच वीज गेली तर सगळ्यात आधी दोन्ही बॉल व्हॉल्व्ह बंद करा. नाहीतर पाणी ड्रमकडे मागे वाहतं, हवा आत घुसते आणि फ्लशिंग पहिल्यापासून करावं लागतं. पावसाळी दिवसांत जनरेटर असलेला बरा.

६. हवा उरली का, ते ड्रमकडे बघून ओळखा

पंप चालू असताना ड्रमच्या पाण्याच्या पातळीवर खूण करा. परतीचा व्हॉल्व्ह हळूहळू बंद करा आणि काही सेकंदच तसा ठेवा. पाणी दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. आत हवा असेल तर ती आक्रसते, तिच्या जागी ड्रममधलं पाणी आत शिरतं आणि पातळी ठळकपणे खाली जाते. पातळी जेमतेम हलली तर हवा निघाली. बोटभर किंवा जास्त उतरली तर पाचव्या टप्प्यावर परत.

व्हॉल्व्ह पटकन उघडबंद करू नका, धक्क्याने नळीचा क्लिप उडतो. पंप बंद तोंडावर जास्त वेळही चालवू नका, सील जळतं.

७. प्रेशर टेस्ट

आता, आणि आताच, टेस्ट पंप जोडा. रिलीफ व्हॉल्व्ह, एक्स्पान्शन टँक, सर्क्युलेटर पंप आणि मशीन टेस्टमधून वेगळे हवेत.

दाब किती? चालू असतानाचा दाब ३ किलो असेल तर त्याच्या दीडपट, साडेचार. पण हा झाला जमिनीवरच्या गेजचा आकडा. ८० मीटर खाली पाण्याचे स्वतःचे ८ किलो आहेत, बेरीज १२.५. ३० अंशांना पाईपची मर्यादा १३.९, म्हणजे आत बसतं. बोअर १०० मीटरचा असता तर बेरीज १४.५ झाली असती. तिथे मी गेजवर साडेतीनच्या वर जाणार नाही. भोवती भूजल असेल तर बाहेरून आधार मिळतो, पण सड्यावर उन्हाळ्यात तो धरून चालू नये.

पहाटे किंवा ढगाळ दिवशी सुरू करा. उघड्या हेडरवर ऊन आलं की पाणी प्रसरण पावतं आणि पाईपही मऊ होऊन फुगतो. काटा कुठल्याही बाजूला सरकू शकतो आणि तुम्ही भलतंच अनुमान काढता. ऊन टळत नसेल तर हेडरवर ओली गोणपाटं टाका.

एचडीपीईसाठी एएसटीएम एफ २१६४ या मानकातली पद्धत मला सगळ्यात भरवशाची वाटते:

१. दाब साडेचारवर न्या. पुढचे ४ तास, काटा उतरेल तसं थोडं थोडं पाणी मारून तो तिथेच ठेवा. हा पाईप फुगण्याचा काळ. या वेळात काटा उतरणं म्हणजे गळती नव्हे.

२. मग पाणी सोडून दाब १० पीएसआयने, म्हणजे ०.७ किलोने उतरवा. आपल्याकडे ३.८.

३. आता काहीही न करता १ तास बघा. दाब ५ टक्क्यांच्या आत राहिला, म्हणजे ३.६ च्या खाली गेला नाही, आणि कुठे ओल दिसली नाही, तर टेस्ट पास.

पूर्ण खेळ ८ तासांच्या आत संपवा. नापास झाली तर दाब पूर्ण सोडा, पाईपला ८ तास विश्रांती द्या, मगच पुन्हा. लगेच दुसऱ्यांदा दाब दिलात तर आधीच ताणलेला पाईप वेगळाच आकडा दाखवतो.

दुसऱ्या पायरीवर सोडलेलं पाणी मोजमापाच्या भांड्यात धरा. आपल्या मापाच्या लूपमध्ये ०.७ किलो उतरायला अर्ध्या लिटरच्या आत पाणी निघायला हवं. दोन-तीन लिटर निघालं तर आत हवा आहे, मग काट्याने काहीही सांगो.

सावधान: ‘पाणी वाया जातं’ म्हणून कॉम्प्रेसरने हवा भरून टेस्ट करू नका. दाबलेली हवा भरपूर ऊर्जा साठवते. जोड सुटला तर तुकडे माणसाला लागतात. पाण्याने जोड सुटला तर अंग भिजतं, इतकंच.

८. दाबाखालीच चर बुजवा

टेस्ट पास झाल्यावर दाब २-३ किलोवर ठेवून गेज जागेवरच राहू द्या. बुजवताना फावडं लागलं, खडा रुतला, जेसीबीचा दात घासला तर काटा त्याच क्षणी सांगतो आणि जागा समोर असते. आधी वीतभर बारीक माती, मग बाकीचं भरण, मधे खुणेची पट्टी. बुजवण्याआधी मोबाईलवर फोटो काढा, घराच्या दोन कोपऱ्यांपासून टेप धरून अंतरं लिहा. पाच वर्षांनी तिथे माड लावायला खड्डा खणणारा माणूस तुम्हीच असाल असं नाही.

९. मशीन जोडा, शेवटचा दाब ठेवा

मशीन आणि त्याच्या नळ्या आता लूपशी जोडा आणि पुन्हा थोडा वेळ फ्लश करा. या तुकड्यात नवी हवा आलेली असते. मग पुस्तिकेत सांगितलेला स्थिर दाब ठेवा, बहुतेक २ ते ३ किलो. गॅसच्या बाजूला हात लावू नका. ती फॅक्टरीतून बंद येते आणि तिथलं काम नायट्रोजन-गेज घेऊन येणाऱ्या तंत्रज्ञाचं.

मशीन गारव्यावर चालवा. टनामागे मिनिटाला साधारण ११ लिटर प्रवाह असेल तर लूपमध्ये जाणारं पाणी येणाऱ्यापेक्षा ५-६ अंशांनी गरम असतं. फरक ९-१० अंश दिसला तर प्रवाह कमी आहे. तासाभराने तिन्ही बोअरच्या नळ्यांना हात लावा. दोन कोमट आणि एक गार असेल तर त्या गार बोअरमधून पाणी फिरतच नाही.

पहिल्या काही आठवड्यांत दाब थोडा उतरेल, कारण एचडीपीई अजून ताण घेत असतो आणि पाण्यात विरघळलेली हवा सुटत असते. तो पुन्हा भरा आणि तारीख-आकडा मशीनच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहा. उतरण्याचा वेग दर खेपेला मंदावला पाहिजे. तीन-चार महिन्यांनीही तो तेवढाच राहिला तर गळती शोधा, पण कुदळ घेऊन चराकडे जाण्याआधी मशीनच्या खोलीतल्या प्रत्येक युनियन आणि व्हॉल्व्हला टिश्यू पेपर गुंडाळून रात्रभर ठेवा. सकाळी कुठला ओला झालाय ते दिसतं. सगळे कोरडे निघाले तर बोअरचे व्हॉल्व्ह एकेक बंद करून कोणत्या फांदीने दाब धरला नाही ते बघा. उकरायचं असेल तर मग तेवढंच.